वावरातला शंख समुद्रातला नव्हे

विहिरीच्या खोदकामात निघालेल्या एका गोट्याचा फोटो महिनाभरापासून गावोगावच्या ग्रुपवर फिरतोय. पांढरट गारगोटीत बोटाच्या पेराएवढा शंख आणि खाली मजकूर: विदर्भात समुद्र होता, हा समुद्री शंख त्याचा पुरावा; तो दक्षिणावर्ती, म्हणून लाखोंचा; आणि खारं लोणार म्हणजे त्याच समुद्राचं उरलेलं पाणी. परवा शेजारचा पोरगा मोबाइल नाचवत आला, "काका, आपल्या वावरात समुंदर होता म्हंते!"

शंख खरा आहे. पण तो फायसा नावाच्या गोगलगायीचा, म्हणजे तळ्याडबक्यात राहणाऱ्या प्राण्याचा. स्टीफन हिस्लॉप आणि हंटर यांनी 1855 साली नागपूर परिसरातल्या जीवाश्मांवर लेख छापला, निदान तेव्हापासून गोड्या पाण्यातले हे शंख अभ्यासकांच्या ओळखीचे आहेत. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हा थरावर थर पसरत होता. दोन थरांच्या मधल्या काळात तळी साचत, त्यांत गोगलगायी वाढत, मग पुढचा लाव्हा येई.

समुद्रातली गोगलगाय पाहायची तर कोकणात जा. तिथल्या खडकांवरची नेरिटा कल्ल्यांनी श्वास घेते, ओहोटीला टणक झाकण लावून आत पाणी धरून ठेवते, लाटा सोसायला जाड कवच बाळगते. फायसाला झाकण नाही, कवच पातळ, श्वास फुप्फुसाने. गंमत म्हणजे नेरिटा ज्याला चिकटते तो कोकणातला काळा कातळही त्याच लाव्हाचा. दगड एक म्हणून घर एक होत नाही.

आता लाखांचं. शंखाचं टोक वर धरा: फायसाचं तोंड डावीकडे येतं. पूजेच्या दक्षिणावर्ती शंखाचंही तसंच, म्हणून ही गफलत. पण पूजेच्या शंखात असा वळसा क्वचित, म्हणून त्याला भाव. फायसात सगळेच तसे! दुर्मीळ काय राहिलं?

लोणारचा खड्डा उल्केच्या आघाताने याच काळ्या दगडात पडला, लाव्हा थंडावल्यावर कोट्यवधी वर्षांनी. पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही. उन्हाने आटतं आणि खार मागे राहतो.

मध्य भारतात समुद्राचं पाणी कधी शिरलंच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. छिंदवाडा जिल्ह्यातल्या झिलमिलीच्या थरांत फोरामिनिफेरा हे समुद्री सूक्ष्मजीव सापडले आणि 2009 मध्ये संशोधकांनी त्यावरून समुद्राचं पाणी तिथवर आलं होतं असं मांडलं. ते बघायला सूक्ष्मदर्शक लागतो. फोटोतल्या शंखाचा त्याच्याशी काही संबंध नाही.