मिरजेच्या कट्ट्यावर टीबी

चहाचा पहिला घोटसुद्धा झाला नव्हता, तोवर बापूनं मोबाइल पुढं केला. "हे बघा. टीबीचे नवे रुग्ण जगात १२ टक्क्यांनी घटले, आपल्याकडं २१. आता बोला की!"

जागतिक आरोग्य संघटनेचा तो अहवाल येऊन दोन महिने झाले होते आणि बापूनं तो तेवढ्यात पन्नास वेळा तरी सगळ्यांना पाठवला होता. बापूचं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. बोलतानाही तो बारा बाय आठच्या मापातच बोलतो. प्रत्येक वाक्याला उद्गारचिन्ह, आणि मध्येमध्ये 'ऐतिहासिक'.

नाना अशा वेळी कधी गप्प बसत नाहीत. ३४ वर्षं रेल्वेत गार्ड होते. "२०१८ ला दिल्लीत पंतप्रधानांनी काय सांगितलं होतं रे? जग २०३० म्हणतंय, आपण २०२५ लाच संपवणार. संपलं २०२५. टीबी कुठं संपला? वेळापत्रक छापणं वेगळं आणि गाडी फलाटाला लावणं वेगळं, मर्दा."

"पाच मिनिटं लेट झाली म्हणून गाडी रद्द करता काय तुम्ही?"

"पाच मिनिटं? मास्तर, सांगा ह्याला."

मास्तरांनी हायस्कूलला तीस वर्षं विज्ञान शिकवलंय, त्यांना एवढंच निमित्त पुरतं. २०१५ साली लाखामागं २३७ नवे रुग्ण, २०२४ ला १८७. ठरलं होतं ८० टक्के घट. "म्हणजे राहायला हवे होते साधारण ४७," मास्तर म्हणाले. "बापू, १८७ आणि ४७. शंभरात वीस मार्क पडले की मी पोरांना पेढे वाटायला लावत नव्हतो."

"पण बाकीचा वर्ग बारावर आहे ना!" बापू ओरडला. ह्यावर मात्र मास्तर जरा अडखळले, कारण मुद्दा बरोबर होता.

मग गाडी वाराणसीवर आली. २४ मार्च २०२३ ची ती जागतिक क्षयरोग परिषद. रॉबर्ट कॉख ह्या शास्त्रज्ञानं १८८२ साली बर्लिनमध्ये टीबीचा जंतू दाखवला तो हाच दिवस, हे मास्तरांनी मध्येच घुसवलं. नानांचं म्हणणं, पंतप्रधान परिषदेला गेले आणि त्याच दिवशी रोपवेची पायाभरणी, १७८० कोटींच्या कामांचा बार, मैदानात सभा. मग टीबी मुख्य की रोपवे?

"काशीला गेलेला माणूस एकच काम करून येतो होय? तुम्ही पंढरपूरला जाता तेव्हा दर्शनासोबत चुरमुरे-बत्तासे आणता, वर भाच्यासाठी पोरगीही बघून येता!"

नानांच्या त्या भाच्याचं लग्न पुढं मोडलं. पोरगी बापूच्याच लांबच्या नात्यातली होती. त्यावरून दोघं दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, त्यामुळं पुढची दहा मिनिटं टीबी बाजूला पडला. कुणी कुणाला मानपानाचं काय सांगितलं होतं, हे मी इथं लिहीत नाही.

सदा इतका वेळ बिस्किट बुडवत बसला होता. सदा टीबीच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. बावीस वर्षं लोकांचे बेडके तपासतोय. मी ह्या वादात त्याच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

"नाना, परिषदेला नावं ठेवू नका," तो म्हणाला. "मी नोकरीला लागलो तेव्हा पेशंट लॅबमध्ये तोंड लपवून यायचे. आज देशाचा सगळ्यात मोठा माणूस व्यासपीठावरून टीबी हा शब्द मोठ्यानं बोलतो. त्यानं माझं अर्धं काम होतं."

बापू फुलला.

"आणि बापू, राहिलेलं अर्धं काम व्यासपीठावर होत नाही. ते माझ्या टेबलावर होतं, सकाळी साडेआठला."

मग त्यानं जे सांगितलं ते आम्हाला तुकड्यातुकड्यांनी ठाऊक होतं, पण सलग कधी ऐकलं नव्हतं. जुनी पद्धत म्हणजे स्लाइड रंगवायची आणि मायक्रोस्कोपखाली जंतू शोधायचे. तिथं जंतू दिसायला एका मिलिलिटर बेडक्यात साधारण १० हजार तरी लागतात. त्याहून कमी असले तर रिपोर्ट निगेटिव्ह, आणि माणूस घरी जाऊन पोरांच्या शेजारी झोपतो. सीबीनॅट हे जंतूची जनुकं शोधणारं नवं मशीन, त्याला शे-सव्वाशे जंतू पुरतात. दोन तासांत कळतं, शिवाय रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडणार की नाही तेही कळतं. पण त्याला वीज हवी, एसी हवा. ट्रूनॅट हे तसंच दुसरं मशीन, ते बॅटरीवर चालतं, उचलून खेड्यातल्या दवाखान्यात नेता येतं.

"आणि ते आपल्या शेजारी, गोव्यात वेर्ण्याला तयार होतं," मास्तर म्हणाले. "२०२० ला जागतिक आरोग्य संघटनेनं मान्यता दिली."

"मेक इन इंडिया!" बापू उठून उभाच राहिला. "हा फ्लेक्स मी फुकट छापतो!"

"छाप. मलाही अभिमान आहे," सदा म्हणाला. "पण मशीनबरोबर फोटो निघतो, चिपबरोबर कुणी काढत नाही. तपासणीमागं एक चिप लागते. एका ठिकाणी मी डेप्युटेशनवर होतो. मशीन झकास, वर हार घातलेला तसाच. चिपा संपलेल्या. सव्वा महिना आम्ही परत स्लाइडवर. त्या सव्वा महिन्यात मी किती जणांना निगेटिव्ह म्हणून घरी पाठवलं असेल, ह्याचा विचार अजून झोपताना येतो."

कुणी बोललं नाही. चहावाल्यानं स्टोव्ह बारीक केला.

नानांना हे आयतंच मिळालं. त्यांनी २०२४ मधला औषधांचा तुटवडा काढला. मार्चमध्ये केंद्रानं राज्यांना कळवलं होतं, तीन महिन्यांपुरती औषधं तुमची तुम्ही विकत घ्या म्हणून. "बघ! परिषदा घ्यायला पैसे आहेत, गोळ्यांना नाहीत."

"नाना, टाळी चुकीच्या जागी वाजवताय," सदा त्यांच्याकडं वळला. "तो तुटवडा मी भोगलाय. ज्याला सहा महिने रोज गोळ्या घ्या म्हणून बजावायचं, त्यालाच आज नाहीत, सोमवारी या सांगायचं. पण १० वर्षांपूर्वी १५ लाख पेशंट सरकारच्या नोंदीतच नव्हते, आता एक लाखाच्या आत आलेत. ते काय बसल्या जागी सापडले? आशाताई दारोदार फिरल्या तेव्हा सापडले. तुमच्या घरी आली होती ना एक, दोन आठवड्यांच्यावर खोकला कुणाला आहे का विचारायला? तुम्ही दारातूनच घालवलीत."

नाना पुटपुटले, "मला वाटलं काहीतरी विकायला आलीय."

ह्यानंतर मी एक विषय काढला, मुद्दाम काढला. निक्षय मित्र. कल्पना चांगली आहे. कुणीही पेशंट दत्तक घ्यावा, महिन्याचं धान्य-डाळ-तेल द्यावं. अन्नाचं मोलही खरंच मोठं. झारखंडमध्ये रुग्णांच्या घरच्यांना जास्तीचं अन्न दिलं, तर त्या घरांत नवा टीबी ३९ ते ४८ टक्क्यांनी कमी झाला. सरकारनंही रुग्णाला आहारासाठी मिळणारे महिन्याचे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १००० केले. हे सगळं हवंच आहे. पण आमच्याच चौकात मागं एक फ्लेक्स लागला होता. 'क्षयरुग्णांना पोषण आहार वाटप'. वर नेत्यांची मुंडकी, खाली टोपली धरलेली एक पोरगी. चेहरा स्वच्छ ओळखू येत होता.

"तिचं लग्न ठरत होतं," सदा हळू आवाजात म्हणाला. "टोपली द्यायला सहाजण आले होते. औषधं पूर्ण झाली, पोरगी ठणठणीत बरी झाली. स्थळ मात्र गेलं."

माझी आत्या वानलेसवाडीच्या सॅनेटोरियममध्ये, म्हणजे टीबीच्या दवाखान्यात होती. घरात आम्हा पोरांना सांगितलं होतं की ती माहेरी गेलीय. तिचं माहेर म्हणजे आमचंच घर, हे आमच्या ध्यानातसुद्धा आलं नाही. बरी होऊन आल्यावरही तिचा पेला वेगळा ठेवायचे, आणि ती मरेपर्यंत स्वतःहून तोच पेला घ्यायची. म्हणून टीबीचं नाव कुणी मोठ्यानं घेतलं की मला बरं वाटतं, मग तो कुठल्या का पक्षाचा असेना. आणि म्हणूनच त्या पोरीचा फोटो मला अजून सहन होत नाही. मी हे सगळं कट्ट्यावर बोललो तेव्हा आवाज जरा चढला होता.

बापूनं मान खाली घातली. "फाइल तशीच आली होती रे. मी छापली." तो फ्लेक्स त्याच रात्री बापूनंच शिडी लावून उतरवला होता, पैसेही परत दिले होते. ते कुणाला ठाऊक नव्हतं. आज सदानं सांगितलं म्हणून कळलं.

पण बापू फार वेळ गप्प राहणाऱ्यांतला नाही. "वाराणसीच्या भाषणातली एक गोष्ट तरी तुम्ही मानाल," तो म्हणाला. "गांधीजींना अहमदाबादला कुष्ठरोग्यांच्या दवाखान्याच्या उद्घाटनाला बोलावलं. ते म्हणाले, उद्घाटनाला नको, ह्याला कुलूप लावायचं असेल तेव्हा बोलवा. असं कुलूप टीबीला लावायचंय आपल्याला!"

"गोष्ट चांगलीय," नाना म्हणाले. नाना बापूला चांगलं म्हणाले, हे ह्या कट्ट्यावर क्वचित घडतं. सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. "पण कुलपाचं तू बोलू नकोस."

"का?"

"मंडळाच्या कपाटाची किल्ली कुठाय?"

झालं! तीन वर्षं झाली, गणपती मंडळाचं कपाट बंद आहे, आत वर्गणीची वही, आणि शेवटची किल्ली बापूच्या कंबरेला बघितल्याचं निदान पाचजण शपथेवर सांगतात. बापू म्हणाला, किल्ली मास्तरांकडं दिली होती. मास्तर म्हणाले, मला दिली ती बीपीच्या मशीनच्या डब्याची. ते मशीन म्हणजे मंडळाच्या आरोग्य शिबिरातलं. वीस फुटी बॅनर लावून शिबिर भरवलं आणि मशीनमध्ये सेल नव्हते. तरी बापूनं चाळीसजणांचं बीपी '१२० बाय ८०' लिहून दिलं होतं.

"सगळे ठणठणीत निघाले ना पण!" बापू म्हणाला.

सदाला चहाचा ठसका लागला. नाना इतके हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली, आणि ती थांबेना. सदानं हसता हसता विचारलं, "नाना, हा खोकला किती दिवसांचा?"

"विडीचा आहे रे."

"किती दिवसांचा?"

"दिवाळीपासून असेल."

सदानं पिशवीतून झाकणाची प्लास्टिकची डबी काढली आणि नानांच्या बशीशेजारी ठेवली. "उद्या उठल्या उठल्या, चूळ भरून, छातीतून खोकून. नुसती थुंकी आणाल तर परत पाठवीन. साडेआठला या."

"चिपा आहेत का?" नानांनी विचारलं.

"आहेत. सध्या आहेत."

"मी सोडतो गाडीवरून," बापू म्हणाला. "सव्वाआठला दारात उभा राहतो. उशीर करू नका, गार्डसाहेब."