एकटीनं ‘टीम’ कसं व्हावं

न्यूट्रिशनला ॲडमिशन मिळाली? अभिनंदन. आता पहिलं सेमिस्टर संपायच्या आत वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जाहिरात फिरत फिरत येईल. नामांकित डाएटिशियनना व्हर्च्युअल असिस्टंट पाहिजे, काम घरबसल्या, रोज फक्त दोन तास, न्यूट्रिशनच्या विद्यार्थिनींना प्राधान्य, शिकण्याची उत्तम संधी. शेवटचे शब्द नीट वाचा. जाहिरातीत पगाराचा आकडा नसेल आणि शिकण्याची संधी असेल, तर ती संधी हाच पगार समजून लगेच अर्ज करावा. उशीर केलात तर शेजारच्या बाकावरची करेल. (मुलगे या वर्गात एखाददुसरेच असतात आणि त्यांना जिमवाले आधीच उचलून नेतात, त्यामुळे तिकडून स्पर्धा नाही.)

मुलाखत झूमवर होते. तुम्ही रात्र जागून शरीराला बसल्या जागी किती ऊर्जा लागते ते काढायचं हॅरिस-बेनेडिक्टचं 1919 सालचं समीकरण पाठ केलेलं असेल. ते कोणी विचारत नाही. कॅनव्हा हे डिझाइनचं ॲप येतं का, रील एडिट करता येते का, इंग्रजी बरं आहे का, लॅपटॉप स्वतःचा आहे का, एवढंच विचारतात. मग मॅम, म्हणजे त्या नामांकित डाएटिशियन, दोन वाक्यं बोलतात. पहिलं, ‘तू न्यूट्रिशनचीच आहेस ना, म्हणजे क्लायंटला काय सांगायचं ते तुला कळतंच.’ दुसरं, पैशांचा विषय निघाल्यावर, ‘अगं, तू अजून शिकतेच आहेस ना!’ दोन वाक्यांच्या मध्ये दहा मिनिटंही जात नाहीत. तरी चेहरा सरळ ठेवावा. पुढची दोन वर्षं याच दोन वाक्यांवर काढायची आहेत. काम आलं की तुम्ही जाणकार, एक तारीख आली की विद्यार्थिनी.

रुजू झालात की तुमचं नाव जातं आणि तुम्ही ‘टीम’ होता. ‘आमची टीम लवकरच आपल्याशी संपर्क साधेल’ असं मॅमच्या पेजवर लिहिलेलं असतं. ती टीम म्हणजे कर्वेनगरात कॉट बेसिसवर राहणाऱ्या तुम्ही, आणि खोलीतल्या एकुलत्या एक प्लग पॉइंटसाठी रूममेटशी चाललेलं तुमचं भांडण. ‘न्यूट्रिशन टीम’, ‘अकाउंट्स टीम’, ‘टेक्निकल टीम’ अशा वेगवेगळ्या सह्या करायची सवय लावून घ्या. एखाद्या काकूंनी ‘मला तुमच्या सीनियरशी बोलायचंय’ असा आग्रह धरला, तर पाच मिनिटं थांबून, इमोजी कमी करून, स्वतःच उत्तर द्यावं. काकूंचं समाधान होतं.

रोजचे दोन तास म्हणजे सलग दोन तास, असं काही कोणी कबूल केलेलं नसतं. ते सकाळपासून रात्रीपर्यंत चिमूट चिमूट पसरलेले असतात. न्यू जर्सीतल्या ताईंचे रात्रीचे आठ म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच, थंडीत साडेसहा. त्या नेमक्या जेवायला बसतात तेव्हाच त्यांना पोळी की भात हा प्रश्न पडतो. फूड केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल चालू असेल तर फोन ॲप्रनच्या खिशात व्हायब्रेटवर ठेवा. टायट्रेशनचा रंग बदलायच्या क्षणी तो थरथरणारच.

कामाचा भाग तसा सोपा आहे, फक्त वर्गात शिकवलेलं वाटेत येतं. पोषणाची तपासणी करायची एबीसीडी तुम्हाला शिकवतात: अँथ्रोपोमेट्री (उंची-वजनाची मापं), बायोकेमिकल (रक्त-लघवीच्या तपासण्या), क्लिनिकल (अंगावरची लक्षणं), डाएटरी (खाणं). त्यातल्या डीमध्ये येतं चोवीस तासांचा आहार आठवून सांगणं. सरांनी वर्गात एकमेकींवर सराव करून घेतला तेव्हा छान जमलं होतं. आता खऱ्या क्लायंटला विचारा.

‘काल दिवसभरात काय काय खाल्लं?’

‘नेहमीचंच.’

‘नेहमीचं म्हणजे?’

‘साधंच हो. आपलं घरचं.’

‘भाजी किती?’

‘वाटीभर.’

इथे थांबू नका असं पुस्तक म्हणतं. वाटी केवढी, ते विचारा. मग त्या वाटीचा फोटो येतो, आणि शेजारी अंदाज यावा म्हणून काही ठेवा म्हटलं तर दुसरी वाटी ठेवलेली असते. मराठी घरात आमटीची वाटी वेगळी, आमरसाची वेगळी, आणि डब्यातून चिवडा काढायला वाटी लागतच नाही, मूठ असते. त्यामुळे चिवडा आहारात धरला जात नाही. चहाबरोबरचं ‘काहीतरी’ही धरत नाहीत. उपासाच्या दिवशी तर माणूस काहीच खाल्लं नाही म्हणून कळवतो, कारण साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा लाडू, वेफर्स आणि बटाट्याची भाजी हे सगळं उपासाचंच असतं. तुम्ही काहीही सुचवू नका. ‘खूप छान! असंच सुरू ठेवा’ असा तयार मेसेज मॅमनी दिलेला आहे, तो पाठवा.

डाएट चार्ट मात्र मॅम स्वतः करतात. म्हणजे केलेले आहेत, पूर्वी कधीतरी. ड्राइव्हवर ‘मास्टर’ नावाचं फोल्डर आहे, त्यात पीसीओडी 1200, थायरॉइड 1200, डायबेटिस 1200 आणि ‘लग्न तीन महिन्यांवर’ 1200 अशा फाइल आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2020 मध्ये हिशेब मांडला की बैठं काम करणाऱ्या 65 किलोच्या पुरुषाला दिवसाला 2110 आणि 55 किलोच्या बाईला 1660 किलोकॅलरी लागतात. ते तुम्ही परीक्षेत लिहा. फोल्डरमध्ये सगळा महाराष्ट्र 1200 वर चालतो. तुमचं काम फक्त नाव आणि वजन बदलायचं, व्हेजचं नॉनव्हेज करताना पनीरच्या जागी चिकन टाकायचं, आणि मॅमच्या सहीचं चित्र उजव्या कोपऱ्यात नीट बसवायचं.

हे करताना एक पथ्य पाळा: फाइल शेवटपर्यंत वाचा. नाहीतर बँकेतून निवृत्त झालेल्या, साखर जराशी वाढलेल्या एखाद्या काकांना पीसीओडीची शेवटची ओळ तशीच जाते: पाळीच्या पहिल्या दिवसापासून पंधरा दिवस जवस आणि भोपळ्याच्या बिया, पुढचे पंधरा दिवस तीळ आणि सूर्यफुलाच्या बिया. निवृत्त माणूस सूचना तंतोतंत पाळतो. तो दुसऱ्या दिवशी मेसेज करतो, ‘मॅडम, बिया आणल्या. पहिला दिवस कोणता धरू? मी एक तारखेपासून सुरू करतो.’ तुम्ही ‘हो काका, चालेल’ असं लिहा. तीळ आणि जवस खाऊन कोणाचं वाईट झाल्याचं ऐकिवात नाही, आणि काका पुढच्या महिन्यात पॅकेज वाढवतात. म्हणतात, एवढं बारकाईनं कोणी सांगितलं नव्हतं.

आठवड्याला तीन रील आणि दोन कॅरोसेल (एकेक स्लाइड सरकवत बघायच्या पोस्ट) हेही टीमचंच काम. इथे तुमच्या शिक्षणाचा फार त्रास होईल. समजा विषय नाचणी आहे. तुम्ही प्रामाणिकपणे 2017 चे भारतीय अन्नघटक तक्ते उघडाल. शंभर ग्रॅम नाचणीत 364 मिलिग्रॅम कॅल्शियम, शंभर मिलिलिटर दुधात साधारण 120. झालं, पहिल्या स्लाइडवर ‘दुधाच्या तिप्पट!’ टाका आणि लॅपटॉप बंद करा. पण नाही. तुमच्या डोक्यात येणार की शंभर ग्रॅम हे कोरडं धान्य आहे, एका भाकरीला पीठ लागतं तीसेक ग्रॅम, म्हणजे भाकरीतून मिळणार 110 च्या आसपास, आणि पेलाभर दुधातून त्याच्या दुप्पट. शिवाय नाचणीत कॅल्शियम अडवून धरणारे फायटेट आणि ऑक्झलेट असतात, त्यामुळे आहे तेवढं सगळं अंगी लागतच नाही. नाचणी चांगलीच आहे, खावीच, पण ‘तिप्पट’ हे पिठाच्या डब्याला लागू आहे, पोटाला नाही. हे सगळं तुम्ही चौथ्या स्लाइडवर लिहून पाठवाल. मॅमचं उत्तर येईल, ‘खूप टेक्स्ट आहे ग. नाचणीचे लाडू दाखव.’

आता जरा अवघड प्रसंग. रात्रीचे साडेदहा. एक काका विचारतात, ‘मॅडम, फार उकडतंय. रोज एक शहाळं घेतलं तर चालेल का?’ तयार उत्तरांच्या यादीत शहाळं आहे. हिरवा नारळ, दोन पानं आणि ‘हो! नैसर्गिक हायड्रेशन!’ बोट पाठवायच्या बटणाजवळ गेलेलं असतं, आणि तेवढ्यात त्यांच्या फाइलचा फोटो आठवतो, कारण तो तुम्हीच अपलोड केला होता. क्रिएटिनिन 2.4, म्हणजे किडनीचं काम मंदावलेलं. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन चालू. शहाळ्याच्या पाण्यात शंभर मिलिलिटरला 250 मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. एका शहाळ्यातून 500-600 सहज. मूत्रपिंडं थकलेली असली की ते बाहेर टाकलं जात नाही, टेल्मिसार्टननंही ते रक्तात साठायला मदतच होते, आणि वाढलेलं पोटॅशियम आधी कळवून येत नाही, थेट हृदयाचा ठोका बिघडवतं. गेल्याच आठवड्यात हा टॉपिक झाला. कॉलेजच्या मॅडमनी फळ्यावर लिहून दिलं होतं आणि तुम्ही खाली दोन रेघा मारल्या होत्या.

अशा वेळी काय करावं? मॅमना मेसेज टाका. एक करडी टिक. फोन लावा. मॅम भाचीच्या संगीताला गेलेल्या आहेत, मागे ढोल आहे, किंवा विमानात आहेत. इकडे काकांच्या दोन निळ्या टिका आणि ‘टायपिंग’. परत, ‘मॅडम? चालेल ना?’ तुम्हाला हो म्हणायचा परवाना नाही, नाही म्हणायचाही नाही. दोन्ही म्हणायला डाएटिशियन लागते आणि तिच्या नावाच्या नंबरवर बसलेल्या तुम्ही आहात. चुकूनमाकून तुम्ही लिहिलंत, ‘काका, सध्या अजिबात नको, उद्या तुमच्या किडनीच्या डॉक्टरांना विचारून मगच ठरवू’, तर काका बिचारे ‘बरं झालं विचारलं’ म्हणून झोपतील. सकाळी मॅमचा व्हॉइस नोट येईल, दीड मिनिटाचा. त्यात शहाळं आणि पोटॅशियम कुठेच नसेल. ‘क्लायंटला असं घाबरवायचं नाही हं. त्यांचं रिन्यूअल आहे.’ त्यावर ‘ओके मॅम’ आणि हात जोडलेले दोन. काकांची फाइल मात्र मॅमच्या पुढ्यात ठेवाच, आणि तुम्ही ठेवलीत याचा स्क्रीनशॉट स्वतःजवळ. हा सल्ला उपरोधानं दिलेला नाही.

वाटेत काही विचित्र मॅमही भेटतील, त्यांच्यापासून सावध राहावं. या पहिल्याच दिवशी तुम्ही कोणत्या प्रश्नांना उत्तर द्यायचं आणि कोणते त्यांच्याकडे पाठवायचे, ते कागदावर लिहून देतात. रिपोर्ट आला की आधी स्वतः वाचतात. क्लायंटच्या परवानगीनं तुम्हाला कॉलवर नुसतं ऐकायला बसवतात आणि नंतर ‘तुला काय वाटलं?’ असं विचारतात. क्लायंटना सांगतात की ही माझी विद्यार्थिनी आहे, ही अपॉइंटमेंट आणि बिलं बघते, आहाराचं मला विचारा. वर एक तारखेला पैसे जमा. अशा ठिकाणी रिपोर्ट तुमच्या फोनच्या गॅलरीत, कॉलेजच्या ट्रिपच्या फोटोंशेजारीही साठू देत नाहीत. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा वगैरे काढतात. सवय बिघडते. पुढे कुठे टिकणं कठीण जातं.

पैशांचं एकदा सांगून टाकतो. तुमचे पैसे थकणार, आणि मॅमकडे नेमके किती आले हे घरादारात तुमच्याइतकं कोणालाच माहीत नसणार, कारण ती एक्सेल शीट तुम्ही भरता. तीन महिन्यांचं पॅकेज बारा हजार, या महिन्यात नवे एकवीस. तुमचे पाच हजार ‘पेमेंट गेटवेमध्ये अडकलेत’. पेमेंट गेटवेचं लॉगिनही तुमच्याचकडे आहे, पण ते बोलून दाखवू नये. त्याच दुपारी अकाउंट्स टीम म्हणून एका क्लायंटला तुम्ही लिहाल, ‘आपलं पेमेंट ड्यू आहे, वेळेवर भरणा केल्यास सेवा अखंड राहील.’ फार सुरेख ड्राफ्ट आहे तो. एक प्रत नाव बदलून मॅमना पाठवायचा मोह आवरा.

एवढं करून एमएस्सी होते. आता नावापुढे आरडी (रजिस्टर्ड डाएटिशियन) लावायचं, म्हणजे इंडियन डाएटेटिक असोसिएशनची परीक्षा, आणि त्याआधी रुग्णालयातली सहा महिन्यांची इंटर्नशिप. दोन वर्षं रात्री साडेदहाला शहाळ्याची उत्तरं दिलीत, ती यात धरत नाहीत. त्याचं कुणालाच आश्चर्य वाटू नये. रुग्णालयात तुमच्या चार्टवर वरिष्ठांची सही लागते आणि चूक झाली तर जबाबदार कोण, ते कागदावर असतं. तरीही अनुभवाचा दाखला मागून ठेवावा, नोकरीला उपयोगी पडतो. मॅम आनंदानं देतात. ‘सदर विद्यार्थिनीने आमच्याकडे सोशल मीडिया व कार्यालयीन साहाय्य केले.’ आहार, क्लायंट, चार्ट, रिपोर्ट, एकही शब्द नाही. यात मॅमचं काही चुकलं असं म्हणता येत नाही. खरं लिहायचं तर सगळ्यात आधी त्यांनाच उत्तर द्यावं लागेल. दाखल्याचा कागद मात्र देखणा असतो, वर फिकट हिरवी पानं, खाली गोल शिक्का. कडा थोड्या पुसट आल्या असतील तर फाइल तुमच्याच कॅनव्हात आहे, दुरुस्त करून परत डाउनलोड करा.