दुसऱ्या सिटिंगनंतर गाल जास्त काळवंडले : तुमच्या तक्रारीला क्लिनिकचं उत्तर

नमस्कार मॅडम,

तुम्ही अभिप्रायात लिहिलंय की वांगासाठी मायक्रोनीडलिंगच्या (बारीक सुयांनी त्वचेला छिद्रं पाडून औषध आत सोडण्याच्या) चार सिटिंगचे पैसे आधीच भरून घेतले. पहिल्यानंतर थोडा फरक दिसला. घरात लग्न होतं म्हणून दुसरं सिटिंग पंधराव्या दिवशी करून दिलं, त्या वेळी गालांवर रक्ताचे बारीक ठिपके आले आणि तिसऱ्या आठवड्यात डाग आधीपेक्षा गडद झाले. फोन केलात तर 'नॉर्मल आहे, उतरेल' एवढंच ऐकायला मिळालं. सावळ्या त्वचेला हा उपचार चालतच नाही, लेझरच करायला हवं होतं, असं तुमचं म्हणणं आहे.

तुमच्या फाइलमधलं काहीही आम्ही इथे उघड करणार नाही. तुम्ही स्वतः जे लिहिलंय तेवढ्यावरच बोलतो.

पंधराव्या दिवशीचं सिटिंग, गालांवर रक्त येईल इतकी सुई आणि फोनवरचं ते उत्तर, या तिन्ही चुका आमच्या आहेत. त्यांबद्दल मनापासून माफी मागतो. त्या चुका का आहेत हे नीट सांगतो, कारण वांग घेऊन आमच्याकडे किंवा आणखी कुठे जाणाऱ्यांनाही ते माहीत असायला हवं.

आधी सुईच्या खोलीबद्दल. मुरुमांचे खड्डे भरायचे असतात तेव्हा सुई १.५ ते २.५ मिलिमीटर आत जाते आणि रक्ताचे ठिपके दिसले की थांबायचं असतं. वांगाचं गणित वेगळं आहे. चेहऱ्याच्या त्वचेचा वरचा थर जेमतेम ०.१ मिलिमीटरचा, म्हणजे अर्धा मिलिमीटर सुईसुद्धा तो ओलांडून खाली जाते. इथे सुईचं काम औषध आत जायला वाट करून देणं एवढंच. गालावर ०.५ ते ०.७५, कपाळावर आणि वरच्या ओठावर ०.२५ ते ०.५ मिलिमीटर पुरतं. त्वचा एकसारखी गुलाबी झाली की थांबायचं. सावळ्या त्वचेवर हा गुलाबीपणा चटकन दिसत नाही, आणि तो दिसेपर्यंत सुयांचं पेन फिरवत राहिलं की हात जास्त चालतो. म्हणून फेऱ्या मोजायच्या : उभी, आडवी, तिरकी, बस. पेन काटकोनात धरायचं, ओढायचं नाही. ओढलं तर ओरखडे उठतात आणि त्याच रेघांवर पुढे काळेपणा धरतो. काही डॉक्टर वांगासाठीही १.५ मिलिमीटरपर्यंत जातात आणि त्यांना चांगले निकालही मिळतात. पण आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या चेहऱ्यांवर ती जोखीम घेण्यासारखी आहे असं आम्हाला वाटत नाही, आणि तुमच्या बाबतीत तर ती घ्यायलाच नको होती.

सावळ्या त्वचेत रंग बनवणाऱ्या पेशी जास्त नसतात, त्या जास्त चपळ असतात. इजा झाली, आग झाली, की त्या लगेच रंग सोडतात. वांगात तर वरच्या आणि खालच्या थरामधला पडदाच कमकुवत झालेला असतो. सुईने तिथे जास्त दुखापत झाली की रंग खालच्या थरात झिरपतो आणि महिनोन्‌महिने तिथेच राहतो. इजेनंतर धरणारा हा काळेपणा बहुतेकदा दोन ते चार आठवड्यांनी दिसू लागतो. म्हणून दोन सिटिंगमध्ये किमान चार आठवडे ठेवायचे. पंधराव्या दिवशी पहिल्या सिटिंगने काय केलं हेच अजून कळलेलं नसतं. लग्नाची घाई तुमची होती, पण 'नाही' म्हणण्याची जबाबदारी आमची होती.

आता 'नॉर्मल'बद्दल. पहिले एक-दोन दिवस लाली आणि ताण, तिसऱ्या दिवसापासून त्वचा खरखरीत, मग बारीक कोंड्यासारखी साल निघते आणि त्या सालीमुळे डाग थोडे गडदही दिसतात. हे पाच ते सात दिवस नॉर्मल. साल निघून गेल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात नव्याने येणारा काळेपणा नॉर्मल नाही. त्या दिवशी डॉक्टरांनी चेहरा पाहायला हवा होता. यापुढे सिटिंगनंतरचा कुठलाही फोन काउंटरवर न अडवता डॉक्टरांकडे दिला जाईल.

लेझरबाबत मात्र आमचं मत वेगळं आहे. लेझरचा प्रकाश रंगाने शोषला जातो. त्वचा जितकी सावळी, तितकी उष्णता डागाबाहेरच्या रंगातही उतरते, आणि उष्णतेने वांग भडकतो. कमी ताकदीचे लेझर वापरले जातात, पण नंतर डाग उलटून येण्याचं आणि मध्येच पांढरे ठिपके पडण्याचं प्रमाण बघता आम्ही ते सुरुवातीला सुचवत नाही. सुईला रंग दिसत नाही, ती उष्णताही देत नाही, आणि सावळ्या त्वचेसाठी तिचा विचार होतो तो याचमुळे. २०१३ साली बेंगळुरूच्या डॉक्टरांनी वांगाच्या ६० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना ट्रानेक्झामिक ॲसिडची बारीक इंजेक्शनं, निम्म्यांना तेच औषध सुईच्या वाटेने, दोन्ही महिन्याच्या अंतराने. इंजेक्शनवाल्या गटात सुधारणा सरासरी ३५.७२ टक्के, सुईवाल्यांत ४४.४१ टक्के. म्हणजे उपचार खोटा नाही, पण डाग पुसला जाईल असंही नाही. निम्म्याच्या आसपास फिका होतो, तोही उन्हापासून जपलं तर. हे आकडे पैसे घेण्याआधी तुमच्यासमोर ठेवायला हवे होते.

सिटिंगच्या वेळी वापरतात ते ट्रानेक्झामिक ॲसिड मुळात रक्तस्राव थांबवण्याचं औषध आहे. ५ मिलिलिटरच्या ॲम्प्यूलमध्ये ५०० मिलिग्रॅम असतं. त्यातलं १ मिलिलिटर २४ मिलिलिटर सलाइनमध्ये मिसळलं की दर मिलिलिटरला ४ मिलिग्रॅम होतं, आणि तेच पेनबरोबर चेहऱ्यावर सोडतात. सुई चालू असताना यापलीकडे काहीही लावायचं नाही. बधिर करणारं क्रीम पाऊण तास ठेवून सलाइनने पूर्ण पुसून काढायचं, नाहीतर तेही आत ढकललं जातं. बाजारातलं व्हिटॅमिन सी सीरम सुईच्या छिद्रांतून आत गेल्यावर गाठी आल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. तुम्ही तिसऱ्या दिवशी पुन्हा सीरम सुरू केलंत, कारण 'थांबा' असं कुणी सांगितलंच नाही, असं लिहिलंय. सांगायला हवं होतं. सीरम, रेटिनॉल, फेसवॉशमधली ॲसिडं आठवडाभर बंद, आणि त्या दिवसांत फक्त साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन.

सनस्क्रीनवर जरा जास्त लिहितो, कारण अर्धा उपचार तोच आहे. तुम्ही सकाळी एकदा पांढरं सनस्क्रीन लावत होतात. सावळ्या त्वचेत वांग फक्त उन्हातल्या अतिनील किरणांनीच गडद होतो असं नाही, डोळ्यांना दिसणारा प्रकाशही त्याला पुरतो, आणि नेहमीचं सनस्क्रीन तो अडवत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं टिंटेड सनस्क्रीन लागतं. चेहरा आणि मानेला दोन बोटांच्या लांबीएवढं, बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी. बसमध्ये खिडकीशी बसलात तरी लावायचं, काच हा प्रकाश अडवत नाही. गॅससमोर तासन्‌तास उभं राहण्याची धगही वांगाला मानवत नाही. स्वयंपाक टळणार नाही हे कळतं, पण एक्झॉस्ट लावा आणि मध्ये मध्ये चेहऱ्यावर गार पाणी मारा.

आता पुढे काय. डाग उतरायला लागेपर्यंत सुई, पील (ॲसिडने साल काढणं), लेझर यांतलं काहीही करू नका, इथेही नाही आणि दुसरीकडेही नाही. ऑनलाइन मिळणारा सुयांचा घरगुती रोलर तर नकोच. डॉक्टरांनी तपासल्यावर डाग फिके करणारं, लावायचं ॲझेलेइक ॲसिड १५ किंवा २० टक्के, सुरुवातीला एक दिवसाआड रात्री, असा सौम्य मार्ग बहुतेकदा पुरतो. मेडिकलमधून परस्पर 'डागाची ट्यूब' घेऊ नका. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन हे स्टेरॉइड एकत्र असलेल्या ट्यूबने पंधरा दिवसांत चेहरा उजळतो, म्हणूनच ती सोडवत नाही. मग त्वचा पातळ होते, शिरा दिसतात, केस वाढतात आणि बंद केल्यावर डाग दुप्पट येतात. त्वचेवर लावायची स्टेरॉइडं २०१८ पासून चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, तरीही ती सर्रास मिळतात.

आणखी एक तपासणी आम्हाला करायची आहे, जी आधीच व्हायला हवी होती. चेहऱ्यावरचा प्रत्येक काळा डाग वांग नसतो. करड्या-निळसर छटेचा, कानापुढे आणि मानेवर पसरलेला डाग लाइकेन प्लेनस पिगमेंटोसस या वेगळ्या त्वचारोगाचा असू शकतो, आणि लाइकेनच्या प्रकारात सुईच्या जागी नवे डाग उठण्याचा धोका असतो. डर्मोस्कोपखाली (त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाखाली) फरक बराच कळतो. शंका उरली तर त्वचेचा बारीक तुकडा तपासतात.

राहिलेल्या दोन सिटिंगचे आणि दुसऱ्या सिटिंगचे पैसे तुम्ही भरले त्याच मार्गाने परत करतो आहोत, त्यासाठी तुमचा अभिप्राय काढून टाकायची गरज नाही. पुढच्या तपासण्यांचीही फी नाही. चार सिटिंगचं आगाऊ पॅकेज आम्ही बंद केलं आहे. यापुढे एका सिटिंगचे पैसे, चार आठवड्यांनी त्याच खोलीत, त्याच उजेडात फोटो, आणि दोन्ही फोटो शेजारी ठेवून पुढचा निर्णय. सुईची खोली आणि फेऱ्या कागदावर लिहून रुग्णाला दिल्या जातील, आणि पेनच्या सुयांचं नवं कार्ट्रिज त्यांच्यासमोरच फोडलं जाईल.

दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचं असेल तर खोली, औषध आणि तारखांसह पूर्ण नोंद कागदावर मिळेल, फक्त कळवा. आमच्याकडे आलात तर चेहऱ्याला काहीही न लावता या, आणि सध्या वापरताय ती सगळी क्रीमं, सीरम, केसांचा रंग आणि तेलसुद्धा पिशवीत घालून आणा. रंग आणि काही तेलांनीही असे डाग पडतात, आणि बाटलीवरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय ते कळत नाही.