योग्य ती किंमत

“तू सध्या मोकळाच आहेस ना? डॉक्युमेंटेशनच तर चाललंय तुझं.” भर मीटिंगमध्ये, चहाचा कप खालीसुद्धा न ठेवता, आमचे मॅनेजर हे बोलले आणि माझ्या गळ्यात आणखी दोन कामं पडली. राग अजून पुरता उतरलेला नाही. पुढे कुठे आवाज चढला तर सांभाळून घ्या.

तर हे मोकळेपण असं. सी भाषेतली एक लायब्ररी आहे. एएसएन.वन या, माहितीची रचना लिहून ठेवायच्या भाषेत वर्णन केलेली माहिती ती बाइटांत बांधते आणि आलेले बाइट सोडवून परत माहिती हातात देते. लिहिणारा गडी केव्हाच परदेशी गेला. मागे ठेवल्या त्या कॉमेंटी. डिकोड नावाच्या फंक्शनवर लिहिलंय, ‘डिकोड करतं’. फ्री नावाच्या फंक्शनवर, ‘फ्री करतं’. कोणी बोलवायचं, कधी, चुकून दोनदा बोलवलं तर काय, याबद्दल अवाक्षर नाही.

एएसएन.वन ज्यांना माहीत नाही ते सुखी, पण सुटलेले नाहीत. बँकेची साइट उघडली की तिचं सर्टिफिकेट याच बांधणीत येतं. ते मजकूर म्हणून उघडून पाहिलंत तर ‘बिगिन सर्टिफिकेट’च्या ओळीखाली पहिली अक्षरं बहुधा ‘एमआयआय’ दिसतील. आत हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावरच्या आकड्यांत, ३० आणि ८२ हे दोन बाइट बसलेले असतात म्हणून. १९८४ साली सीसीआयटीटी या टेलिफोनवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय समितीने एक्स.४०९ या नावाने हे प्रकरण काढलं, ईमेलसाठी. रचना म्हणाल तर परगावी पाठवलेल्या फराळाच्या डब्यासारखी: वर आत काय आहे त्याची चिठ्ठी, मग किती आहे, मग माल, आणि आतल्या प्रत्येक पुडीवर पुन्हा तेच.

इथवर गोड आहे. मग नियम सुरू होतात. लांबी १२७पर्यंत असेल तर एका बाइटात भागतं. १२८ झाली की हेक्समध्ये आधी ८१ लिहायचं, मग ८०. बांधणीच्या नियमांच्या जातीही अनेक: बीईआर सैल, डीईआर कडक. ‘खरं’ सांगायचं असेल तर बीईआरमध्ये शून्य सोडून कोणताही बाइट चालतो. डीईआरमध्ये मात्र एफएफच. सत्य एकच असतं असं ठणकावून सांगणारा समितीचा कागद मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

हे सगळं मी नीट लिहून काढलं. आणि मग आले प्रोसेसवाले काका.

तोंडावर ‘सर’, माघारी काका. ते डॉक्युमेंट स्क्रीनवर वाचत नाहीत, प्रिंट काढतात. शेरे हिरव्या पेनाने मारतात; लाल शाईने माणूस खचतो असं त्यांना कुठल्याशा ट्रेनिंगमध्ये कळलंय. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी एका ओळीवर पेन टेकवलं.

“हे मायनस वन काय आहे?”

“सर, बाइट बिघडलेले असले तर फंक्शन मायनस वन देतं.”

“बिघडलेले का असतील?”

“समोरून तसे आले तर.”

“मग समोरच्यांना कळवा ना.”

मी गप्प.

“बरं, शून्य म्हणजे यश. चेकलिस्टमध्ये तसंच आहे.”

“इथे नाही, सर. शून्य म्हणजे डेटा अजून पुरता आलेला नाही, थांबा. काम झालं तर जेवढे बाइट वापरले तेवढा आकडा.”

“म्हणजे यश दर वेळी वेगळं?”

“हो.”

“ऑडिटला काय दाखवू मी?” हा प्रश्न त्यांनी खरोखर कळवळून विचारला. पान उलटलं. “आणि ही ‘अनिश्चित लांबी’?”

“सर, लांबीच्या जागी ८० हा बाइट आला की ती आधी सांगतच नाहीत. शेवटी दोन शून्य बाइट आले की संपलं समजायचं.”

“अंदाजे तरी लिहा. साधारण दोनशे?”

मग ते मूळ दुखण्यावर परतले. क्लायंटकडे जाणाऱ्या कागदात मायनस बरा दिसत नाही. हिरवी रेघ मारून त्यांनी स्वहस्ते लिहिलं, ‘अन्यथा योग्य ती किंमत परत येते.’ “कसं सुटसुटीत झालं बघा.”

मला खरं झोंबलं ते पुढचं. डिकोड अर्ध्यात फसलं तरी तोवर बांधलेलं स्ट्रक्चर मेमरीत तसंच राहतं. ते बोलवणाऱ्यानेच सोडायचं असतं, नाहीतर तेवढी मेमरी अडकून राहते. हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. अख्खा सोर्स उपसून, गळती मोजून मी ते एक वाक्य मिळवलं होतं. काकांनी ते कापलं. शेरा: ‘क्लायंटला काम सांगितल्यासारखं वाटतं.’

कोड चुकला तर कंपायलर बोंब मारतो. कॉमेंट चुकली तर कोणाला काही नाही. कॉमेंटींतून डॉक्युमेंट बनवणारं डॉक्सिजनसुद्धा पॅरामीटरपुढे मजकूर नसला तर कुरकुरतं. मजकूर काय आहे ते बघत नाही. ‘बफर म्हणजे बफर’ लिहा, खूश. माझ्या जागी कोणी वर्षभर असंच लिहिलं असतं तर त्याचं अप्रेझल माझ्यापेक्षा वाईट झालं नसतं, याची मला खात्री आहे. कदाचित चांगलंच झालं असतं. पानं जास्त भरली असती.

कागद मंजूर होऊन गेला. काल क्लायंटकडून तिकीट आलं. एक: तुमची लायब्ररी मेमरी गळते. दोन: योग्य ती किंमत म्हणजे कोणती? तिकीट अर्थातच माझ्या नावावर. काकांनी कापलेलं वाक्य आणि मायनस वन, दोन्ही घालून मी सुधारित मसुदा पाठवला, त्यांना कॉपीत ठेवून. त्यांचं उत्तर आज सकाळी आलं: डॉक्युमेंट मंजूर झालेलं असल्याने त्यात बदल करता येणार नाही, कोड त्याप्रमाणे बदलून घ्यावा.