धुतल्याने जॅकेटचं संरक्षण जात नाही, पेट्रोलच्या बोळ्याने जातं

बाइक रायडर लोकांमध्ये एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मजकूर तोच: ‘रायडिंग जॅकेट कधीही धुऊ नका. पाणी लागलं की आर्मर निकामी होतं आणि वॉटरप्रूफपणा जातो. दिवसभर कडक उन्हात टाका, वास आपोआप जाईल. ग्रीसचे डाग पेट्रोलने पुसा. लेदरचं असेल तर भरपूर तेल चोळा.’ हा सल्ला मनापासून पाळणारे लोक मी पाहिले आहेत. चार-चार वर्षं न धुतलेलं, कॉलर कडक झालेलं जॅकेट ते अभिमानाने वापरतात. मेसेजमध्ये खऱ्याचा एक कण आहे, आणि त्या कणाच्या आधारावर बाकी सगळं खपून जातं. म्हणून एकेक वाक्य घेऊ.

‘पाणी लागलं की आर्मर निकामी होतं.’ खरा कण इथे आहे. आर्मर, म्हणजे खांदा, कोपर, पाठीवरचे धक्का झेलणारे पॅड. ते मशीनमध्ये घातलं, पिळलं किंवा हीटरसमोर वाळवलं तर बिघडतं. पण ते जॅकेटला शिवलेलं नसतं. अस्तरात कोपराच्या वर हात घालून चाचपलं तर खिशाची फट लागते, कधी वेल्क्रोची, कधी नुसती दुमडलेली. तिथे दोन बोटं घालून पॅड ओढला की तो वाकून बाहेर येतो. खांद्याचा तसाच, पाठीचा त्याहून सोपा. बाहेर काढलेला पॅड ओल्या फडक्याने पुसायचा आणि सावलीत ठेवायचा, बस. ईएन १६२१-१ या युरोपीय मानकाच्या चाचणीत खांद्या-कोपरांच्या पॅडवर ५० जूलचा आघात करतात. पलीकडे पोचणारं बल सरासरी ३५ किलोन्यूटनच्या आत राहिलं तर लेव्हल १, २० च्या आत राहिलं तर लेव्हल २. हा धक्का पचवतो तो पॅडच्या आतला फोम. वरचा घाम पुसल्याने त्याचं काही बिघडत नाही.

आणखी एक गोष्ट. युरोपीय संघाच्या २०१६/४२५ या नियमानुसार संरक्षक साधन बनवणाऱ्याने ते स्वच्छ कसं करायचं, याच्या सूचना सोबत द्याव्याच लागतात. धुण्याने संरक्षण जात असतं, तर धुण्याच्या सूचना सक्तीच्या कशाला केल्या असत्या? तुमच्या जॅकेटच्या आतल्या शिवणीला लेबल आहे, ते आधी वाचा. पाण्याच्या टबात हाताचं चित्र असेल तर हातानेच धुवायचं. टबावर फुली असेल तर पाण्यात बुडवायचंच नाही. मेसेज आणि लेबल यांच्यात मतभेद झाला तर लेबलचं ऐका. एअरबॅगच्या जॅकेटचे नियम वेगळे असतात. त्याच्यासोबतची पुस्तिका वाचल्याशिवाय त्याला पाणी लावू नका.

‘पाणी लागलं की वॉटरप्रूफपणा जातो.’ हे तर सरळ उलटं आहे. वॉटरप्रूफ जॅकेटमध्ये दोन वेगळ्या गोष्टी काम करतात. आतल्या थरात मेंब्रेन असतं, म्हणजे पावसाचा थेंब अडवणारा आणि घामाची वाफ बाहेर सोडणारा पातळ पापुद्रा. बाहेरच्या कापडावर पाणी झटकणारा लेप असतो, ज्यामुळे थेंब गोळी होऊन घरंगळतात. मळ, तेलकट धूर, कॉलरवरचं त्वचेचं तेल साचलं की हा लेप झाकला जातो आणि बाहेरचं कापड पाणी पिऊ लागतं. मेंब्रेन अजून शाबूत असतं, पाऊस आत येत नसतो, पण भिजलेल्या कापडातून वाफही बाहेर पडत नाही. तुम्ही आत ओले होता आणि म्हणता, ‘जॅकेट गळतंय.’ अनेकदा तो तुमचाच घाम असतो. मला हे कळायला बरीच वर्षं लागली, आणि तोवर एक चांगलं जॅकेट मी ‘गळकं’ म्हणून देऊन टाकलं होतं.

घरच्या घरी पाहता येतं. खांद्यावर चमचाभर पाणी टाका. गोळ्या होऊन घसरलं तर लेप चालू आहे. पसरून कापड गडद झालं तर जॅकेट धुवायला आलंय. धुऊन वाळवल्यावर लेबल परवानगी देत असेल तर मंद उष्णता दिली की तो लेप पुन्हा जागा होतो. तेवढ्याने नाही झाला तर वरून मारायचा वॉटर-रिपेलंट स्प्रे मिळतो.

वॉटरप्रूफपणा जातो तो पाण्याने नाही, साबण उरल्याने. साबणाचं कामच पाण्याला कापडात शिरायला मदत करण्याचं. तो कापडात राहिला की लेप असूनही पाणी आत ओढलं जातं. म्हणून पावडर नको, लिक्विड डिटर्जंट आणि तेही थोडंच, आणि फेस पूर्ण जाईपर्यंत खंगाळणं. सॉफ्टनर अजिबात नको, त्याचा थर कापडावर बसतो आणि वाफेची वाट बुजवतो. ब्लीचही नको. क्लोरीनचं ब्लीच नायलॉन आणि अ‍ॅरमिड (केव्हलरच्या जातीचा मजबूत धागा) या दोन्ही धाग्यांना कमकुवत करतं, आणि पडून रस्त्यावर घासत जाताना भिस्त याच धाग्यांवर असते.

‘कडक उन्हात टाका, वास जाईल.’ वास थोडा वेळ दबतो. घामातलं पाणी उडतं, मीठ आणि तेल तिथेच राहतं. पुढच्या वेळी अंग तापलं की अर्ध्या तासात तोच वास परत. शिवाय अतिनील किरणांनी नायलॉन झिजतं, अ‍ॅरमिड तर त्याहून लवकर. रंग उडतो तो डोळ्यांना दिसतो, धाग्याची ताकद घटते ती दिसत नाही. वाळवायचं ते रुंद खांद्याच्या हँगरवर, सावलीत, वारा खेळेल अशा जागी.

‘ग्रीसचे डाग पेट्रोलने पुसा.’ या वाक्यासाठीच मी हे लिहायला बसलो. पेट्रोलने डाग निघतो, म्हणून लोकांचा विश्वास बसतो. नायलॉनचं कापड त्याला सहज बधत नाही, म्हणून ‘काही झालं नाही’ असंही वाटतं. पण त्याच कापडाच्या पाठीमागे कोटिंग आहे, शिवणींवर टेप आहे, टेपखाली गोंद आहे, काही ठिकाणी फोम आहे. पेट्रोल तिथे झिरपतं. कोटिंग आणि फोम फुगतात, गोंद सुटतो. पुढच्या पावसात शिवणीतून पाणी येतं तेव्हा महिन्यांपूर्वीचा तो बोळा कुणाला आठवत नाही. पेट्रोलमध्ये बेंझीन असतं, आणि जॅकेट तासन्‌तास अंगाला चिकटून असतं. तेच जॅकेट नंतर मशीनमध्ये टाकलं तर बंद ड्रममध्ये पेट्रोलची वाफ साचते आणि एक ठिणगी पुरते. हा सल्ला कृपा करून पुढे पाठवू नका.

चेनल्यूबच्या, म्हणजे बाइकच्या साखळीला लावायच्या वंगणाच्या, डागावर भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाका, बोटाने हलके चोळा, दहा मिनिटं थांबा, मऊ ब्रशने गोल फिरवा आणि धुवा. जुना असेल तर दोनदा करा. थोडी सावली राहिली तर राहू दे.

ब्रशवरून आठवलं, परावर्तक पट्टीला ब्रश लावू नका, इस्त्रीही नाही. माझ्या एका जॅकेटच्या पाठीवरची पट्टी मी कडक ब्रशने घासली होती. दिवसा ती आधीसारखीच करडी दिसायची. रात्री मित्राने मागून हेडलाइट टाकला तेव्हा कळलं की दोन्ही टोकं चमकतायत आणि मधला वीतभर भाग काळा आहे. प्रकाश परत पाठवणारे काचेचे बारीक मणी मी खरवडून काढले होते.

‘लेदरला भरपूर तेल चोळा.’ घरातलं तेल लेदरमध्ये मुरतं, धूळ धरून ठेवतं, खवट होतं, आणि जास्त झालं तर चामडं लिबलिबीत होतं. ओल्या फडक्याने मळ पुसा, लेदर क्लीनर वापरा, सावलीत पूर्ण वाळू द्या, मग लेदरचं कंडिशनर अगदी पातळ लावा. लेदर बादलीत बुडवायचं नाही, एवढ्यापुरता तो मेसेज बरोबर आहे.

कापडी जॅकेट मी असं धुतो. सगळे पॅड आणि सुटणारी अस्तरं बाहेर. खिसे रिकामे. चेन आणि वेल्क्रो बंद, कारण उघड्या वेल्क्रोचे आकडे जाळीचं कापड ओरबाडतात. मोठ्या टबात कोमट पाणी, साधारण ३० अंश, थोडं लिक्विड, अर्धा तास भिजत. मग दाबायचं, सोडायचं, पिळायचं नाही. पहिलं पाणी मातकट काळं निघतं आणि तळाशी बारीक रेव बसते. ही रेव धाग्यांच्या मध्ये राहून दर वळणाला त्यांना घासत होती. लेबलवर मशीन चालत असेल तरी वॉटरप्रूफ जॅकेट जोरात फिरवू नका. आत पाणी अडकून ड्रमचा तोल जातो.

वाळल्यावर पॅड परत बसवताना घाई करू नका. काढतानाच फोटो काढून ठेवा, डावा-उजवा आणि वरची बाजू कुठली ते लक्षात राहत नाही. बसवल्यावर जॅकेट घाला, चेन पूर्ण लावा, हँडल धरल्यासारखे हात पुढे करा. कोपराचं हाड पॅडच्या खोलगट भागात बसलं पाहिजे. पॅड बाजूला सरकत असेल तर जॅकेट काढा आणि परत बसवा.