दाढ भरायला 'मशीन पुरते' म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

एक फॉरवर्ड सगळ्या ग्रुपवर फिरतोय. म्हणे दाढेत सिमेंट भरायचं सगळं काम मशीनच करते, ट्रेमधली बारीक हत्यारं नुसता देखावा. सोनेरी हत्यारं म्हणजे सोन्याचं पाणी दाखवून बिल वाढवायचा धंदा, पट्टी आणि रिंग लावणं म्हणजे टाइमपास, आणि हत्यारं काय, उकळत्या पाण्यातून काढली की झालं. माझ्या हातात रोज हीच हत्यारं असतात म्हणून लिहितोय.

पहिलं मशीनचं. एअरोटर, म्हणजे दात कोरायचं मशीन, मिनिटाला तीन-चार लाख फेरे मारतो, वरचं कडक एनॅमल उघडायला तो लागतोच, पण त्याच्या टोकाला किडलेलं काय आणि चांगलं काय यातलं काही कळत नाही. कीड नसेजवळ गेली असली की मी मशीन बाजूला ठेवतो आणि स्पून एक्स्कॅव्हेटर घेतो, म्हणजे टोकाला बारीकशी वाटी असलेली दांडी. मऊ झालेला भाग ओलसर पापुद्र्यासारखा निघून येतो आणि कडक थर लागला की बोटाला लगेच कळतं, आवाजही बदलतो, खरखर येते. तिथे थांबायचं. अर्थात वाटीला धार हवी, बोथट असेल तर माणूस नकळत जोर लावतो आणि नस उघडी पडू शकते. आणि विजेशिवाय दात भरताच येत नाही असंही नाही बरं का, टांझानियात ८० च्या दशकात नुसत्या हातातल्या हत्यारांनी कीड काढून सिमेंट भरायची पद्धत सुरू झाली, एआरटी म्हणतात तिला, आणि १९९४ च्या जागतिक आरोग्य दिनी डब्ल्यूएचओनं तिचा पुरस्कार केला. देखाव्याला एवढा मान?

सोनेरी रंग बहुतेक वेळा टायटॅनियम नायट्राइडचा असतो, त्यात सोनं औषधालाही नाही. कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं भरायचं मटेरियल, साध्या स्टीलला चिकटतं, हत्यार मागे घेतलं की नुकताच बसवलेला थर सोबत उचलून येतो, तो त्रास या लेपावर कमी होतो. पण कोटिंग हवंच असं नाही, हात चांगला असेल तर साध्यावरही काम होतं, आणि फक्त यासाठी कुणी वेगळे पैसे मागत असेल तर खुशाल विचारा.

पट्टीवर मात्र भांडेन. दोन दाढांच्या मधली भिंत गेली असेल तर मॅट्रिक्स बँडशिवाय, म्हणजे या पट्टीशिवाय, ती उभी करणार कशी? बँड मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा पातळ असतो, तरी काढल्यावर तेवढी फट राहतेच, म्हणून रिंग दोन्ही दात किंचित लांब ढकलून धरते आणि खालून पाचर मारतात म्हणजे सिमेंट हिरडीत उतरत नाही. जमलं असेल तर फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटीत घालायचा दोरा, टचकन आवाज करून खाली जातो. नसेल जमलं तर मटणाचा धागा, आंब्याचा रेशा, जे खाल ते तिथेच अडकणार, हिरडी सुजणार आणि पेशंट टूथपिक खिशात घेऊन फिरणार, मग म्हणायचं डॉक्टरनं फसवलं.

आता उकळणं. उकळत्या पाण्यात जंतूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची टणक कवचातली रूपं, टिकतात, म्हणून दाबाखालची वाफ लागते, ऑटोक्लेव्हमध्ये १२१ डिग्रीला पंधरा-वीस मिनिटं. पुढच्या वेळी हत्यारांचं पाऊच आपल्यासमोर फोडायला सांगा, त्यावरच्या खुणेचा रंग बदललेला दिसला पाहिजे. फक्त त्या रंगावरून पाऊच उष्णतेतून गेलं एवढंच कळतं, म्हणून ऑटोक्लेव्हची बीजाणू टेस्ट, म्हणजे आत ठेवलेले बीजाणू मरतात का ते बघणं, करता का तेही विचारून घ्या.