अंड्यावरचा शिक्का

2025 च्या जानेवारीत आमच्या घरच्या ग्रुपवर चार दिवस अंड्यावरून रणकंदन झालं. महाराष्ट्र सरकारने शालेय पोषण आहारातल्या अंड्यांचा निधी बंद केला होता. ज्या शाळांना अंडी द्यायचीत त्यांनी लोकसहभागातून पैसे उभे करावेत, असं सांगून हात झटकले होते. ग्रुपवर आत्या अंड्याच्या विरोधात, दोन्ही काका बाजूने. अंडं शाकाहारी की मांसाहारी, मुलांवर लादायचं का, आपल्या संस्कृतीत बसतं का. आठवड्यातून एक अंडं द्यायचा निर्णय 2023 च्या नोव्हेंबरमधला, आणि त्यातच न खाणाऱ्या मुलासाठी केळं होतं. म्हणजे लादण्याचा मुद्दा तेव्हाच निकालात निघाला होता. पण असे वाद केळ्यावर मिटत नाहीत.

मी जर्मनीत, हानोफरला राहते. चौथ्या दिवशी मला राहवलं नाही आणि ओट्यावरच्या अंड्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. इथल्या प्रत्येक अंड्यावर शाईने एक आकडा छापलेला असतो. पहिला अंक कोंबडी कशी ठेवली ते सांगतो: 0 म्हणजे सेंद्रिय, 1 म्हणजे बाहेर फिरणारी, 2 म्हणजे शेडमध्ये पण मोकळी, 3 म्हणजे पिंजऱ्यातली. मग देशाची अक्षरं, मग राज्याचा क्रमांक (आमच्या नीडरझाक्सनचा 03), मग फार्मचा आणि शेडचा. खाली मी लिहिलं, ‘इथे लोक अंडं कोण खातो यावर भांडत नाहीत, कोंबडी कशी जगते यावर भांडतात.’

आता ते वाक्य आठवलं की कानकोंडं व्हायला होतं. परदेशातून घरच्यांना शहाणपण शिकवण्याचा मोह फार वाईट.

पुरंदर तालुक्यात माझ्या मावसभावाची आठ हजार लेअरची, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांची, शेड आहे. ग्रुपवर तो काही बोलला नाही, रात्री फोन केला. ‘ताई, तुझ्या त्या आकड्यात आमचा नंबर तीन ना?’ हो, तीनच. त्याच्या शेडमध्ये मी गेलेय. दारातच अमोनियाने डोळे चुरचुरतात. पंधरा इंच बाय अठरा इंचाच्या पिंजऱ्यात चार कोंबड्या. म्हणजे एकीच्या वाट्याला ए-फोर कागदाहूनही कमी जागा. पंख पसरणं नाही, मातीत लोळणं नाही. तळाची जाळी उतरती, अंडं घातलं की घरंगळत पुढच्या पन्हाळीत येतं. वर्षाला तीनशेच्या वर अंडी घालणारी ही जात कवचासाठी लागणारं कॅल्शियम खाद्यातून पुरलं नाही तर स्वतःच्या हाडांतून काढते. त्याने एक कोंबडी माझ्या हातात दिली होती आणि छातीच्या हाडावरून बोट फिरवायला लावलं होतं. मध्येच वाकलेलं, गाठ आलेलं हाड. ‘मोडून जुळलंय,’ तो म्हणाला, अगदी हवामान सांगावं तसं.

हे मोडलेलं हाड शिक्क्यावर दिसत नाही. ते इथल्या मोकळ्या कोंबड्यांतही सर्रास सापडतं, कारण जात तशीच, अंडी तितकीच. युरोपने जुन्या पद्धतीचे पिंजरे 1 जानेवारी 2012 पासून बंद केले, हे मोठंच काम झालं. पण ‘मोकळी’ म्हणजे दर चौरस मीटरला नऊ कोंबड्या, आणि जर्मनीतल्या निम्म्याहून जास्त कोंबड्या याच 2 नंबरच्या. शिक्का फक्त कवचावर. त्याच दुकानातल्या शेवयांत, केकमध्ये, मेयोनेजमध्ये कुठलं अंडं गेलंय हे सांगायची सक्ती नाही. बर्ड फ्लूच्या दिवसांत बाहेरच्या कोंबड्या सरकारी आदेशाने आत कोंडतात आणि 2023 च्या अखेरच्या नियमबदलानंतर त्यांची अंडी तेवढा काळ 1 नंबरच्याच शिक्क्याने विकता येतात. रोगासाठी कोंडणं मला पटतं; नवापूरला 2006 साली बर्ड फ्लू आला तेव्हा काय झालं ते आपण पाहिलंय. पण मग त्या 1 चा अर्थ काय उरला?

नर पिल्लांचं तेच. अंडी घालणाऱ्या जातीचं नर पिल्लू अंडंही देत नाही आणि अंगावर मांसही धरत नाही, म्हणून उबवणी केंद्रात पहिल्याच दिवशी मारायचं. जर्मनीत वर्षाला साधारण साडेचार कोटी. 2022 पासून कायद्याने बंदी आली. आता अंड्यातच नर-मादी ओळखून नर असलेलं अंडं आधीच बाजूला काढतात. छान आहे. फक्त बंदी देशापुरती आहे, आणि सीमेपलीकडे उबवलेल्या कोंबडीच्या अंड्याने केलेला केक इथे विकायला कोणी अडवत नाही.

औषधांच्या बाबतीत तर माझा फोटो साफ आपटला. जनावरांची वाढ व्हावी म्हणून खाद्यातून अँटिबायोटिक देणं युरोपने 2006 पासून बंद केलं. 2014 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने कोंबडीच्या मांसाचे 70 नमुने तपासले, 40 टक्क्यांत अँटिबायोटिकचे अंश निघाले. इथवर आपण मागे. पण कोलिस्टिन हे औषध, जे माणसाला दुसरं काही लागू पडेनासं झालं की शेवटी देतात, ते भारताने 2019 मध्ये खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांकरता बंद केलं. जर्मनीत पशुवैद्याच्या चिठ्ठीवर ते कोंबड्यांना अजून देतात. भावाला हे माहीत होतं. मला नव्हतं.

मग या शिक्क्याचा उपयोग काय? आहे. अंडं हातात घेऊन मी ते कुठल्या फार्मवरून आलं हे शोधू शकते, आणि उद्या गडबड निघाली तर तेवढीच अंडी परत मागवता येतात. 2017 मध्ये फिप्रोनिल या कीटकनाशकाचे अंश असलेली अंडी नेदरलँड्समधून इथे आली, तेव्हा लोकांनी फ्रिज उघडून आकडे जुळवून पाहिले. आपल्याकडे तपकिरी अंडं ‘गावरान’ म्हणून जास्त भावाने घेतात, आणि कवचाचा रंग तर कोंबडीच्या जातीवर ठरतो. ती परसात फिरली की पिंजऱ्यात राहिली, याचा त्याच्याशी संबंध नाही. म्हणजे जास्त पैसे मोजायची तयारी आपल्याकडेही आहेच. मोजतो कशासाठी, ते तपासायची सोय नाही.

तरी ग्रुपवरचा माझा फोटो चुकीच्या वेळी होता. महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या शंभर मुलांमागे 35 मुलांची वाढ खुंटलेली आहे, असं 2019-21 चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. त्यांच्या ताटात आधी अंडं पडू दे, पिंजऱ्यातलं का असेना. कोंबडीच्या दुःखाचा दाखला देऊन ते काढून घेणाऱ्यांच्या ओळीत मला उभं राहायचं नाही. आत्याने माझा फोटो नेमका त्याच कामाला वापरला होता: ‘बघा, जर्मनीतसुद्धा लोक अंड्याबद्दल विचार करतात.’

भावाला मी विचारलं, पिंजरे काढायला काय लागेल? तो हसला. तेवढ्याच शेडमध्ये निम्म्याही कोंबड्या बसणार नाहीत, म्हणाला, आणि बँकेचा हप्ता आठ हजारांच्या हिशोबाने आहे. भाव रोज सकाळी मोबाइलवर येतो, पिंजऱ्याच्या अंड्याला तोच, मोकळ्याला तोच. व्यापारी शिक्क्याचे जास्त पैसे देणार नाही. ‘जास्त देऊ शकलं असतं ते एकच गिऱ्हाईक,’ तो म्हणाला, ‘सरकार. शाळांना लाखो अंडी लागतात. त्यांनी सांगितलं असतं, मोकळ्या कोंबडीचंच पाहिजे, रुपया जास्त देतो, तर मी एक शेड तरी बदलली असती.’ विधी आयोगाने 2017 च्या अहवालात अंड्याच्या कोंबड्यांसाठी नियम करा म्हणून सांगितलं, तेव्हाही हे पैसे कोण देणार हा प्रश्न भावाला कोणी विचारायला आलं नाही.

त्याचं म्हणणं मी ग्रुपवर जसंच्या तसं टाकलं. काकांनी लाइकचा अंगठा टाकला. दोन दिवसांनी आत्याचा प्रश्न आला, त्या सगळ्या वादातला कोंबडीबद्दलचा पहिलाच: ‘ती जगते किती दिवस?’

भावाने उत्तर दिलं, ‘दीड वर्ष, आत्या. मग कटिंगला.’

जर्मनीतही जवळपास तेवढंच, हे मी खाली लिहिलं.